मुंद्रा कोळसा प्रकल्प: सार्वजनिक संस्थांच्या कर्जाने नेमका काय फरक पडला?

वाफारा
कच्छच्या किनाऱ्यावर मुंद्र्याजवळ टाटा पॉवरचा ४००० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प आहे. ८०० मेगावॅटचे पाच संच, इंडोनेशियाचा कोळसा, थंड करायला समुद्राचं पाणी. पहिला संच मार्च २०१२ मध्ये लागला, पाचवा मार्च २०१३ मध्ये. जागतिक बँक गटातल्या आयएफसीने २००८ साली त्याला ४५ कोटी डॉलर कर्ज मंजूर केलं, आशियाई विकास बँकेने (एडीबी) तेवढंच. शिवाय कोरियाची एक्झिम बँक आणि आपल्या सरकारी बँका होत्याच. वीजविक्रीचा करार ३८०० मेगावॅटचा, त्यात महाराष्ट्राचा वाटा ७६०, म्हणजे बरोबर पाचवा हिस्सा.

२०११ मध्ये तिथल्या मासेमारांच्या संघटनेने आयएफसीच्या तक्रार यंत्रणेकडे (सीएओ) धाव घेतली. सीएओने २०१३ च्या अहवालात आयएफसीवर स्पष्ट ताशेरे ओढले. एडीबीच्या स्वतंत्र पॅनेलनेही २०१५ मध्ये नियम पाळले गेले नाहीत असं नोंदवलं. तोवर पैसे पोचलेले, संच फिरत असलेले.

माझं मत असं की, सार्वजनिक पैसा अशा प्रकल्पात येतो तेव्हा लोकांचं नुकसान वाढतं. कर्जाची मुदत लांब मिळते, वर प्रतिष्ठेचा शिक्का मिळतो आणि तो शिक्का बघून बाकीचे सावकार रांग लावतात. जाणकारांनी खोडून काढावं.

टांगा पलटी
खुर्ची टाकून बसलोय. वीजबिल भरून आलोय, त्यामुळे या कटात माझाही पाचवा हिस्सा आहे असं समजतो.

मेरिट ऑर्डर
धागा चांगला आहे, पण आधी पैशाची रचना मांडू, नाहीतर 'सार्वजनिक पैसा' हा शब्द ढगात राहील.

अशा प्रकल्पात स्वतंत्र कंपनी काढतात. मुंद्र्यात साधारण ७५ टक्के कर्ज, २५ टक्के भागभांडवल. कर्ज फेडायचं ते त्या एका कंपनीच्या वीजविक्रीतून, म्हणून सावकार सगळ्यात आधी २५ वर्षांचा वीजखरेदी करार बघतो. त्या कराराचे दर दोन भागांत असतात: स्थिर आकार (संच तयार ठेवल्याबद्दल) आणि ऊर्जा आकार (जळालेल्या कोळशाबद्दल). मेरिट ऑर्डरमध्ये (स्वस्त वीज आधी घ्यायच्या क्रमवारीत) संच खाली गेला, तुम्ही त्याची वीज घेतली नाही, तरी ठरलेली उपलब्धता दाखवली की स्थिर आकार द्यावाच लागतो. कर्जाचे हप्ते त्यातून जातात.

आता जोखीम. बांधकामाला उशीर झाला तर ठेकेदाराने दंड भरायचा. वीज विकली गेली नाही तर भार वितरण कंपनीवर. मुंद्र्यात कोळशाच्या दराची जोखीम मात्र बोलीदाराने बरीचशी स्वतःवर घेतली, कारण बोली जिंकायची होती: युनिटला सरासरी २ रुपये २६ पैसे. पुढे इंडोनेशियाने २०१० मध्ये कोळशाची निर्यात बाजारभावाशी बांधली, जुन्या करारांनाही ती सप्टेंबर २०११ पासून लागू झाली आणि गणित कोसळलं. कंपनीने वाढीव दर मागितला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१३ मध्ये काही दिलासा दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०१७ ला सांगितलं की परदेशातला कायदा बदलला म्हणजे करारातला 'कायद्यातला बदल' होत नाही.

प्रत्येक जोखमीला करारात मालक आहे. कोळंबी कमी झाली तर कुणाच्या खात्यावर, याचं कलम मात्र सापडत नाही.

सावलीतला
@मेरिट ऑर्डर, जरा इस्कटून सांगा. कोळसा महागला तर तोटा टाटांचा. पण टाटांनी २००७ मध्ये इंडोनेशियाच्या दोन खाण कंपन्यांत ३० टक्के वाटा घेतला होता ना? मग कोळसा महागला की तिकडे नफाच.

मेरिट ऑर्डर
घेतला होता, आणि न्यायालयीन लढाईत समोरच्या बाजूने ते वारंवार दाखवलं. एका खिशातून दुसऱ्या खिशात थोडं जातं, पण सगळा तोटा त्यातून भरत नाही. शिवाय सावकाराचा हिशेब मुंद्र्याच्या कंपनीशी होता, खाणीतला नफा तिथे आपोआप येत नव्हता.

खाडीकाठ
कोळंबीचा विषय निघालाच आहे तर पाण्याचं गणित करू. इथे बरेच जण 'समुद्र तापतो' म्हणतात, पण किती ते कुणी सांगत नाही.

सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाबाच्या वाफेवर चालणाऱ्या) संचाची कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास. ४००० मेगावॅट वीज काढताना ढोबळमानाने ४८०० मेगावॅट उष्णता कंडेन्सरमधून (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागातून) बाहेर टाकावी लागते. बाकीची चिमणीतून जाते. एकदाच वापरून सोडायच्या पद्धतीत पाण्याचं तापमान ७ अंशांनी वाढू दिलं, तर सेकंदाला सुमारे १६५ ते १७० घनमीटर पाणी लागतं, म्हणजे तासाला सहा लाख घनमीटर. एवढं पाणी एका कालव्यातून खेचायचं आणि दुसऱ्यातून सोडायचं, रात्रंदिवस.

नुकसान तीन ठिकाणी होतं. खेचताना मोठे मासे जाळीवर चिकटतात, पण अंडी आणि पिल्लं जाळीतून आरपार जाऊन कंडेन्सरमध्ये शिरतात. तिथे पंपाचा दाब, एकदम वाढलेलं तापमान आणि नळ्यांत शंख-शिंपले वाढू नयेत म्हणून सोडलेलं हायपोक्लोराइट (क्लोरीनचं संयुग) असा तिहेरी मार. सोडताना पाणी तापलेलं, त्यामुळे त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. २८ वरून ३५ अंशांवर गेलं की सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. तिसरी गोष्ट कालव्याची. तळाशी अस्तर नसेल तर खारं पाणी आजूबाजूच्या भूजलात झिरपतं. नवीनाळ परिसरातले शेतकरी विहिरी खाऱ्या झाल्याची आणि खजुराच्या बागांवर परिणाम झाल्याची तक्रार करतात ती यावरूनच. बागांच्या बाबतीत कोळशाची धूळ आणि राख वेगळीच.

आता नियम. भारतात जून १९९९ नंतरच्या किनारी प्रकल्पांना समुद्राच्या तापमानापेक्षा ७ अंश जास्त चालतात. जागतिक बँकेच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हाच आकडा ३ अंश आहे, मिश्रण क्षेत्राच्या (सोडलेलं पाणी समुद्रात मिसळतं त्या पट्ट्याच्या) कडेला मोजायचा, आणि ते क्षेत्र ठरवलं नसेल तर सोडण्याच्या जागेपासून १०० मीटरवर. क्लोरीनही भारतात मुक्त ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर चालतो, तिथे एकूण उर्वरित ०.२. आयएफसीचं कर्ज घेतलं म्हणजे कडक आकडा लागू व्हायला हवा. तो पाळला जाईल याची खातरी आयएफसीने केली का, हा सीएओच्या अहवालातला एक कळीचा मुद्दा होता.

टांगा पलटी
७ अंश म्हणजे कोळंबी अर्धी शिजूनच जाळ्यात येते. गॅसची बचत.

वेलदोडा
@टांगा पलटी, जे जाळं टाकतात त्यांच्यापुढे हा विनोद करून दाखवा.

खाडीकाठ
मोजमाप करणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मोठा, उधाणाला पाच-सहा मीटरच्या घरात. उधाणाच्या वाहत्या पाण्यात मोजलं की गरम पाणी पांगलेलं असतं, आकडा देखणा येतो. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीचा फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा), पाणी थांबतं तेव्हा मोजा. आणि कंपनीच्या सहामाही अनुपालन अहवालात (पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याच्या) नुसतं तापमान न बघता वेळ, तिथी आणि मोजणीच्या जागेचे अक्षांश-रेखांश दिलेत का ते बघा. नसतील तर त्या आकड्याला अर्थ नाही.

पावशेर कोळसा
उलटी बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी ठेवून.

२००७ च्या आसपास ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाला बारा-बारा तास भारनियमन होतं. त्या काळात २ रुपये २६ पैशांची वीज नाकारायची कुणी? पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, दवाखाने यांच्या खात्यावर किती नुकसान पडत होतं तेही मांडा. दुसरं, आयएफसीने 'नाही' म्हटलं असतं तर प्रकल्प झाला नसता असं वाफारा धरून चालतात. शेजारीच अदानींचा ४६२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, त्यात आयएफसी नाही. तोही उभा राहिलाच. आणि त्याच्याविरुद्ध सीएओकडे जायची सोयही मासेमारांना नाही. म्हणजे सार्वजनिक सावकार असणं हा उलट फायदाच झाला की!

वाफारा
@पावशेर कोळसा, शिव्या नाहीत, मुद्दा चांगला आहे. पण दोन प्रकल्प शेजारी-शेजारी असताना दोघांचा मिळून परिणाम तपासायला हवा होता. तो नीट झाला नाही, हेही सीएओने म्हटलं. ज्या सावकाराकडे कडक निकष आहेत त्यानेच शेजारचा प्रकल्प हिशेबात धरला नाही, तर त्या निकषांचं करायचं काय?

चार्जशीट
सीएओबद्दल नेमकं सांगतो, कारण 'तक्रार यंत्रणा आहे' म्हणून लोक निर्धास्त होतात.

तक्रार एकट्यालाही करता येते, कुठल्याही भाषेत, फी नाही, वकील नको, नाव गुप्त ठेवता येतं. तीनच अटी: प्रकल्पात आयएफसीचा पैसा हवा (किंवा त्याच गटातल्या मिगाची हमी), विषय पर्यावरण किंवा सामाजिक हवा आणि तक्रारदाराला झळ बसलेली किंवा बसू शकणारी हवी. मग दोन रस्ते: तडजोडीची बोलणी किंवा अनुपालनाची चौकशी. एडीबीकडे किमान दोन जण लागतात, आणि आधी त्यांच्या संबंधित विभागाशी प्रश्न सोडवायचा प्रयत्न केल्याचा पुरावा लागतो. तो पत्रव्यवहार नसेल तर अर्ज तिथेच अडतो. आणखी एक, कर्ज बंद झाल्याच्या तारखेपासून दोन वर्षं उलटली की एडीबीचं दार बंद.

सीएओ काय करू शकत नाही ते जास्त महत्त्वाचं. ती कंपनीची चौकशी करत नाही, आयएफसीची करते. भरपाईचा आदेश देऊ शकत नाही, कर्ज थांबवू शकत नाही. मुंद्र्यात आयएफसीने लेखी उत्तर दिलं, बहुतेक निष्कर्षांशी असहमती दाखवली, आणि जागतिक बँक गटाच्या अध्यक्षांनी ते उत्तर मान्यही केलं.

म्हणून लोक अमेरिकेत कोर्टात गेले. 'जाम विरुद्ध आयएफसी'. २७ फेब्रुवारी २०१९ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ असा निकाल दिला: १९४५ च्या कायद्याने अशा संस्थांना परकी सरकारांइतकंच संरक्षण आहे, पूर्ण नाही, व्यापारी व्यवहारासाठी दावा होऊ शकतो. इथे बातम्या 'मासेमार जिंकले' अशा आल्या. पण प्रकरण खाली परत गेल्यावर २०२० मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळला. कारण काय? नुकसान ज्या वागण्यातून झालं ते मुख्यतः भारतात घडलं, अमेरिकेत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ऐकायला नकार दिला.

सावलीतला
म्हणजे वॉशिंग्टनमध्ये पैसा मंजूर, तरी 'वागणं' भारतातलं? 🙄

चार्जशीट
न्यायालयाचं म्हणणं असं की, प्रत्यक्ष इजा करणारी कृती म्हणजे प्रकल्प बांधणं आणि चालवणं. भारतात वेगळा रस्ता आहे, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. गुजरात पुण्याच्या पश्चिम खंडपीठाकडे येतो, म्हणजे मुंद्र्याचा अर्ज पुण्यातच. कलम १५ खाली भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत, कलम १४ खाली सहा महिने. मुदत कधीपासून मोजायची यावर वाद होतात, म्हणून पहिल्या नुकसानीची तारीख कागदावर हवी: तलाठ्याचा पंचनामा, मत्स्य विभागाला दिलेलं पत्र, काहीही.

वेलदोडा
तारखेचा कागद पगडियांकडे कसा असणार? मुंद्र्याच्या किनाऱ्यावर पायी चालत जाऊन भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जाळी लावणारे ते पगडिया. ही कुटुंबं बरीचशी वाघेर मुसलमान. पावसाळा संपला की गावातून बंदरावर येतात, वर्षातले आठ-नऊ महिने त्रागडी, कोटडी अशा बंदरांवर झोपड्या टाकून राहतात, तिथेच मासळी वाळवतात, आणि पावसाळ्यात परत जातात. जमीन त्यांच्या नावावर नाही, बंदरावर घर नाही. भूसंपादनाच्या यादीत 'विस्थापित' म्हणजे ज्याच्या नावे सातबारा (गुजरातेतही ७/१२ च आहे). मग हे लोक यादीत आलेच नाहीत. सीएओचा सगळ्यात ठाम निष्कर्ष माझ्या मते हाच आहे: बंदरावर राहणाऱ्यांना बाधित म्हणून धरलंच नाही, त्यांच्याशी सल्लामसलत पुरेशी झाली नाही.

कालव्याने वाट तुटली की पायी जाणाऱ्याला वळसा पडतो. भरतीचं वेळापत्रक वळशासाठी थांबत नाही. वाळत घातलेल्या मासळीवर कोळशाची भुकटी बसली की व्यापारी भाव पाडतो. हे नुकसान 'पकड किती टनांनी घटली' अशा रकान्यात कधीच दिसत नाही.

मेरिट ऑर्डर
+१. आणि पायाभूत (प्रकल्पाआधीच्या स्थितीचं) सर्वेक्षण पावसाळ्यात केलं तर बंदर रिकामंच दिसणार. पर्यावरण अहवाल वाचताना मोसम बघणं हा पहिला धडा.

थकबाकीदार
सगळे वॉशिंग्टन-मनिलाकडे बघताहेत. जागतिक बँकेने २०१३ पासून कोळशाला अपवादापुरतंच ठेवलं, एडीबीने २०२१ च्या धोरणात बंदच केलं, त्याच वर्षी कोरिया आणि चीननेही परदेशी कोळसा प्रकल्पांना सरकारी पैसा थांबवायची घोषणा केली. आता या क्षेत्रात सार्वजनिक पैसा म्हणजे मुख्यतः आपला: पीएफसी आणि आरईसी (वीज क्षेत्राला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपन्या), स्टेट बँक, एलआयसी. मार्च २०१९ मध्ये पीएफसीने केंद्राचा आरईसीतला वाटा १४,५०० कोटींना घेतला, म्हणजे दोन्ही एकाच छत्राखाली.

यात तुमचा-आमचा पैसा कसा जातो? फ्लॅट विकला, दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कर वाचवायचा, तर सहा महिन्यांच्या आत कलम ५४ईसीचे रोखे घेतात. मर्यादा ५० लाख, पाच वर्षं अडकतात, व्याज ५.२५ टक्के आणि ते करपात्र. बहुतेक वेळा कोणते रोखे? आरईसी किंवा पीएफसीचे. त्या संस्था सौर-पवनलाही कर्ज देतात, पण तुमचे ५० लाख वेगळ्या डब्यात ठेवत नाहीत. जुलै २०२५ पासून इरेडाच्या (अपारंपरिक ऊर्जेला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीच्या) रोख्यांनाही ही सवलत आहे, आणि तो पैसा अपारंपरिक ऊर्जेच्या प्रकल्पांसाठीच वापरायची अट आहे. कर तेवढाच वाचतो. सनदी लेखापालाला विचारून बघा, बऱ्याच जणांच्या छापील फॉर्मात हा पर्याय अजून आलेला नाही.

टांगा पलटी
फ्लॅट विकायला आधी फ्लॅट लागतो, शेठ.

थकबाकीदार
मग ईपीएफ आहेच. तो सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत जातो, फॉर्म भरायचीही गरज नाही.

आणि कर्ज बुडतं तेव्हा? २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जा समितीने ३४ कोळसा प्रकल्प अडचणीत असल्याची यादी दिली: ४०,१३० मेगावॅट, सुमारे १.७४ लाख कोटींचं कर्ज. महाराष्ट्रातलं उदाहरण अमरावतीजवळचं नांदगावपेठ, १३५० मेगावॅट. ६,५७४ कोटींचं देणं एकरकमी ४,०५० कोटींत मिटलं. म्हणजे सावकारांनी सुमारे ३८ टक्के सोडले, आणि त्यांत पीएफसी व सरकारी बँका होत्या. त्याच प्रकल्पासाठी अप्पर वर्धा धरणाचं सिंचनाचं पाणी दिल्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलनं केली होती. पाण्याची एकरकमी तडजोड झाल्याचं ऐकिवात नाही.

पावशेर कोळसा
३८ टक्के सोडले याचा दोष कोळशाचा की कर्ज देताना कोळशाचा पुरवठा आणि वीजखरेदी करार न तपासण्याचा? सौर प्रकल्पही असेच बुडू शकतात.

थकबाकीदार
बुडू शकतात. पण सौर प्रकल्प बुडाला तर मागे राखेचा तलाव राहत नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा राखतलावाचा बांध पावसात फुटला, आठवत असेल.

वेलदोडा
अवांतर होईल, पण कोकणाचा विषय न काढता हा धागा संपू नये. एन्रॉनच्या दाभोळला जागतिक बँकेने १९९३ मध्येच नकार दिला होता: प्रकल्प गरजेपेक्षा मोठा, वीज महाग, आयात वायूवर आधारलेली. त्यानंतर अमेरिकेची ओपिक (परदेशी गुंतवणुकीला पाठबळ देणारी सरकारी संस्था) आणि एक्झिम बँक पुढे आल्या, आपल्या आयडीबीआय, स्टेट बँक वगैरे आल्या, केंद्राने प्रतिहमी दिली. पावशेर कोळसा म्हणतात तसं एकाने 'नाही' म्हटल्याने प्रकल्प थांबत नाही हे खरंच. पण नकाराची कारणं आठ वर्षांत शब्दशः खरी ठरली. मे २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणं बंद केलं. मधल्या काळात ३ जून १९९७ च्या पहाटे प्रकल्पाजवळच्या वेलदूर गावात पोलीस घरात घुसून बायकांना घेऊन गेले. बंदोबस्तावरच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात आहे. सावकारांच्या कागदांत ही बाब कुठल्या रकान्यात बसते?

मेरिट ऑर्डर
'सुरक्षा खर्च'. गंभीरपणे सांगतोय, तो प्रकल्पाच्या खर्चात धरला जातो आणि स्थिर आकारातून वसूल होतो.

सावलीतला
बापरे.

पावशेर कोळसा
दाभोळपुरतं मान्य.

चार्जशीट
एखाद्या प्रकल्पात कुणाचा पैसा आहे ते शोधायचं असेल तर: कंपनी व्यवहार खात्याच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून 'इंडेक्स ऑफ चार्जेस' (कंपनीने दिलेल्या तारणांची यादी) उघडा, ते फुकट दिसतं. गंमत अशी की तिथे बहुतेक वेळा बँकेचं नावच नसतं, एखादी विश्वस्त कंपनी दिसते, कारण अनेक सावकारांच्या वतीने तारण ती धरते. लोक इथेच थांबतात. पुढे १०० रुपये भरून सार्वजनिक कागद बघायची सोय घ्या, सीएचजी-१ अर्ज (तारण नोंदवायचा) शोधा आणि त्याला जोडलेला करार उघडा. शेवटच्या परिशिष्टांत सावकारांची यादी रकमेसकट मिळते. तीन तासांची मुदत असते, आधी सगळं उतरवून घ्या, वाचत बसू नका.

पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि सहामाही अहवाल 'परिवेश'वर (केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर). हे अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात. मध्यस्थ निधीतून गेलेला पैसा मात्र कुठल्याच यादीत सरळ दिसत नाही. ओडिशाच्या कमलांगा प्रकल्पात आयएफसीचा पैसा एका पायाभूत सुविधा निधीतून गेला होता. गावकऱ्यांची सीएओकडची तक्रार तरीही २०११ मध्ये दाखल झाली, कारण कुणीतरी निधीच्या गुंतवणुकीची यादी काढली होती.

खाडीकाठ
हे वेगळा धागा करून वर चिकटवा.

वाफारा
मूळ प्रश्नाकडे येतो. पावशेर कोळसा यांचा मुद्दा मी अर्धा मानतो: आयएफसी नसती तर ३ अंश आणि ७ अंश यांतला फरक कुणी काढलाच नसता, आणि पगडियांची नोंद कुठल्याही अधिकृत कागदावर आली नसती. पण चार्जशीट यांच्या प्रतिसादातून दिसतं की सावकाराचा खरा जोर हप्ता सोडण्याआधी असतो. मुंद्र्यात २००८ ला मंजुरी, २०११ ला तक्रार, २०१३ ला अहवाल आणि त्याच वर्षी पाचवा संच. तक्रार आली तेव्हा कालवे खोदून झाले होते. मोसमी वस्ती, भांगाच्या दिवसातलं तापमान, शेजारच्या प्रकल्पासकट परिणाम, या तीन गोष्टी पहिल्या हप्त्याच्या अटी म्हणून घातल्या असत्या तर खर्च किती वाढला असता?

मेरिट ऑर्डर
सर्वेक्षणाचा खर्च ४ अब्ज डॉलरच्या प्रकल्पात दिसणारही नाही. खर्च वाढतो तो त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाने. शीतक मनोरे बांधून पाणी फिरतं ठेवलं तर खेचायचं पाणी ९० टक्क्यांहून जास्त कमी होतं, पण भांडवल वाढतं, पंखे-पंपांना वीज लागते, कार्यक्षमता किंचित पडते. २ रुपये २६ पैशांच्या बोलीत त्याला जागा नव्हती. बोली डिसेंबर २००६ मधली, कर्ज २००८ मधलं. म्हणजे सावकार दारात येईपर्यंत दर गोठलेला होता.

पावशेर कोळसा
मग अट बोलीच्या कागदातच हवी, सावकाराकडे नको. बोली कुणी काढली? पीएफसीने, नोडल संस्था म्हणून.

थकबाकीदार
आणि पीएफसीच्या स्वतःच्या दारात तक्रार पेटी आहे का, ते कुणीतरी शोधून इथे टाका. सीएओसारखी, मराठीत पत्र लिहिलं तरी चालणारी.